पत्रात नसलेली ओळ

जांभूळमळा, ता. नाशिक
दि. ३० मे १९९९

चि. योगेश यास केरूतात्याचे अनेक आशीर्वाद.

आधी तुझी तब्येत कशी आहे ते लिही, मग बाकीचं. थंडीनं ओठ फुटलेत असं मागच्या पत्रात होतं. तूप मिळत नसेल तर खोबरेल लाव, पण लाव. इकडं तुझ्या आईचा गुडघा आहे तसाच दुखतो, पण वहिनींची जीभ ठणठणीत आहे, तेव्हा काळजी नको. तुझ्या लेकीला, निकिताला, गोवर येऊन गेला; आता अंगावर डागसुद्धा नाही, अंगणात कोंबड्यांना पळवत असते. तुझ्या काकूचा दमा उन्हाळा असल्यानं गप्प आहे. सुवर्णा बरी आहे, जेवते कमी, राबते जास्त. माझं म्हणशील तर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरलाय. उजव्या डोळ्यावर काम चालतं आणि अजून अक्षर चुकत नाही, एवढं पांडुरंगाचं देणं.

लढाईच्या बातम्या ऐकायला सगळे मळे सांजच्याला सरपंच वाल्मीकच्या ओसरीवर जमतात. त्याच्याकडं रंगीत टीव्ही आहे. तोफ उडाली की तुझी आई पदर तोंडात धरते आणि पोरं ओरडतात, "योगेशदादाची तोफ!" मी म्हणतो, अरे, तिथं काय एकच तोफ आहे का?

आता मुद्द्याचं. आपल्या ग्रामपंचायतीची निवडणूक ४ जुलैला लागली. मळ्यांच्या वॉर्डाची जागा या खेपेला बायांसाठी राखीव आहे. वाल्मीकनं बायकोचा, नवसाबाईचा अर्ज भरायचं ठरवलं आणि नारळ घेऊन माझ्याकडं आला. म्हणाला, "तात्या, तीन खेपा तुम्ही हा वॉर्ड बिनविरोध करून दिला. ही चौथी." मी नारळ घेतला. आपल्या वॉर्डात मतपेटी फुटली नाही, डोकी फुटली नाहीत, याचा मला अभिमान आहे, तुला माहीतच आहे.

आणि काल तुझी सुवर्णा म्हणते, मी अर्ज भरणार! कशासाठी, तर ओढ्यावरच्या फरशीच्या पुलासाठी. गेल्या श्रावणात फुलाबाईची सून कळा देत ओढ्याच्या अलीकडं अडकली, पाणी उतरेना, आणि छत्रीच्या आडोशाला बाळंत झाली. नाळ सुवर्णानं बांधली. तेव्हापासून तिनं हा ध्यास घेतलाय. पावसाळ्याचे चार महिने शाळा पलीकडं, दवाखाना पलीकडं, फुलांचा टेंपो पलीकडं, हे खरंच आहे. पण मी म्हटलं, "पोरी, नवरा सीमेवर, अन् तू मतं मागत फिरणार? लोक काय म्हणतील?"

तर म्हणते, "तात्या, ते सीमेवर हायेत म्हणून ओढ्याला पाणी कमी येणारे का?"

या पोरीशी बोलायचं म्हणजे काटेरी गुलाबाची जुडी उघड्या हातानं बांधायची. शेवटी ती म्हणाली, "त्यांना विचारा. ते नको म्हणाले तर नाही उभी राहणार." अर्ज ती भरतेच आहे. मागं घ्यायची मुदत १८ जून. तेव्हा तुझं मत काय ते लवकर कळव. तू लिहिशील तसं करू.

तुझा
केरूतात्या

---

मार्फत ५६ ए.पी.ओ.
दि. ८ जून १९९९

तीर्थरूप तात्यांस योगेशचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आज मिळालं. ओठांना खोबरेल लावायचं तर आधी ते बाटलीतून निघायला पाहिजे. इथं ते दगड होऊन बसतं. बर्फ वितळवून पाणी पितो, त्याला रॉकेलचा वास येतो. तोफेवर माझ्या जोडीला सुरगाण्याकडचा मंगळू आहे. तो म्हणतो, आमच्याकडं पाण्याला डोंगर उतरावा लागतो, इथं डोंगरच पाणी होऊन येतो. त्याच्यामुळं हसणं टिकून आहे. कुठं आहोत ते लिहायला परवानगी नाही. उंचावर आहोत, एवढं समजा.

कागद एकच मिळालाय म्हणून सगळ्यांचं यातच लिहितो. नेहमीप्रमाणे तुम्हीच वाचून दाखवा. आई, मी दोन वेळा जेवतो. निकिते, कोंबड्या पळवू नको, अंडी देत नाहीत. झेंडूची रोपं टाकली का? यंदा दसरा उशिरा आहे, घाई नको.

सुवर्णाला सांगा, माघार घेऊ नको. पडली तरी चालेल, पण उभी राहा. माझ्या नावावर मतं मागू नको, माझा फोटो लावू नको. फरशीवर बोल. फौजीच्या बायकोविरुद्ध तोंड कसं उघडायचं म्हणून नवसावहिनींची माणसं गप्प बसतील, तसंही होऊ देऊ नको. त्यांना बोलू दे. चिन्ह काय घेतलं? निकिता पतंग म्हणेल, पण छत्री मिळाली तर छत्रीच घे. फुलाबाईच्या नातवाच्या नावानं.

तात्या, मी नसताना घरातलं तुम्ही बघता, म्हणून मी इथं तोफेकडं बघू शकतो.

आपला
योगेश

---

जांभूळमळा
दि. २० जून १९९९

चि. योगेश यास आशीर्वाद.

तुझं पत्र १७ तारखेला पोचलं. सगळ्यांना वाचून दाखवलं. तू दोन वेळा जेवतोस हे ऐकून वहिनी रडल्या, आणि जेवत नसतास तरी रडल्या असत्या. निकितानं कोंबड्यांची माफी मागितली. काकू बरी, वाल्मीक बरा, गुलाबावर थोडा भुरी रोग आहे, फवारतो आहे.

कळवायचं ते असं की आपला वॉर्ड चौथ्यांदा बिनविरोध झाला. सुवर्णानं समजून घेतलं आणि १८ तारखेला तहसील कचेरीत जाऊन अर्ज मागं घेतला. मी संगतीला होतो. वाल्मीकनं सगळ्यांना पेढे वाटले आणि ओसरीवर "भारतमाता की जय" झालं. पेपरात दोन ओळी आल्या, "जवानाच्या पत्नीची माघार, गावाचा एकोपा". कात्रण जपून ठेवलंय.

तुला वाटेल, असं कसं झालं. तर विचार कर. देशावर लढाईचा प्रसंग. दिल्लीतलं सरकार पडलेलं, कारभार काळजीवाहू, थोरली निवडणूक सप्टेंबरावर. कधी कुठल्या गावात तिरंग्यातली पेटी येईल नेम नाही. अशात भोंगा लावून गल्लीतून "आमच्या ताईला मत द्या" ओरडायचं कुणी? लोकांचा एक कान रेडिओला. सुवर्णाच्या बाजूनं बोललं तर ते तुझ्या बंदुकीवर मत मागणं, तिच्या विरोधात बोललं तर तो देशद्रोह. मग निवडणूक राहिली कुठं? भांडणाला दोन्ही बाजूंना तोंड पाहिजे ना. लढाईत एका बाजूचं तोंड आपोआप शिवलं जातं. म्हणून शहाण्यानं अशा वेळी मतपेटीच्या वाटेला जाऊ नये, असं सगळ्यांचं मत पडलं.

सुवर्णा जरा गप्प आहे, पण ते होईल ठीक. तू मन लढाईत ठेव. इकडची चिंता करू नकोस, मी आहे.

तुझा
केरूतात्या

---

मार्फत ५६ ए.पी.ओ.
दि. ३ जुलै १९९९

तीर्थरूप तात्यांस साष्टांग नमस्कार.

अक्षर वाकडं आहे, समजून घ्या. पाच दिवस तोफ थांबली नाही. मंगळूला छर्रे लागले, खाली नेलाय, जगेल म्हणतात. माझे दोन्ही कान शिट्टी वाजल्यासारखे वाजतात. समोरचा बोलतो ते ओठांवरून ओळखतो.

तुमचं पत्र आणि सुवर्णाचं पत्र एकाच दिवशी आलं. तिचं चार ओळींचं आहे. लिहिते, "तुमचा शब्द पाळला. माघार घेतली. एवढंच वाटलं, की नको म्हणायचं होतं तर मला एकटीला लिहायचं होतं, साऱ्या गावासमोर ओसरीवर ऐकवायचं नव्हतं. यापुढे मी काही विचारणार नाही."

तात्या, मी नको कधी म्हटलं?

मी उभी राहा असंच लिहिल्याचं मला आठवतं. छत्रीचं लिहिल्याचंही आठवतं. पण इथं माणसाचं काय होतं तुम्हाला सांगून कळणार नाही. परवा मी मंगळूला हाक मारून चहा मागितला, त्याला खाली नेल्याला दोन दिवस झाले होते. तेव्हा आठवण खरी, की मनात होतं ते कागदावर उतरलंच नाही, माझा माझ्यावर भरवसा उरला नाही. भीतीच्या भरात उलटंही लिहिलं गेलं असेल.

पत्र तुमच्याजवळ आहे. तुमचं वाचणं कधी चुकत नाही. सुवर्णाबद्दलच्या माझ्या ओळी होत्या तशा उतरवून पाठवा. मी काय लिहिलं होतं ते मला कळलं पाहिजे, म्हणजे तिला काय उत्तर द्यायचं ते ठरवीन. तोवर तिला पत्र लिहायला हात उचलत नाही.

आपला
योगेश

---

जांभूळमळा
दि. १४ जुलै १९९९

चि. योगेश यास आशीर्वाद. आशीर्वाद लिहिला खरा, पण आज तो देण्याची माझी लायकी नाही.

तुझं डोकं ठिकाणावर आहे. तू माघार घेऊ नको असंच लिहिलं होतंस. छत्रीचंही लिहिलं होतंस. उलटी ओळ पत्रात नव्हती. ती मी वाचली.

१७ जूनची सांज. ओसरीवर तीसेक माणसं. टीव्ही बंद करून वाल्मीक म्हणाला, "आता आपल्या जवानाचं पत्र ऐकू." मला मधल्या गादीवर बसवलं. बर्फाचं वाचलं, लोक हसले. खोबरेलाचं वाचलं, हसले. सुवर्णा पायरीवर बसली होती, निकिता मांडीवर. ती तुझ्या पत्राला अशी हसत होती, जसा तू समोर बसलायस. मग ती ओळ आली. स्वच्छ होती. मोतीबिंदूला बोल नको, तो डावा डोळा, मी उजव्यानं वाचत होतो. आणि माझ्या तोंडून निघालं, "सुवर्णाला सांगा, अर्ज मागं घे. लढाई चालू असताना घरात निवडणूक नको."

पोरीचं हसू जागच्या जागी विझलं. ती उठून आली, हात पुढं केला, म्हणाली, "तात्या, बघू द्या जरा." मी कागदाची घडी घातली आणि टोपीत ठेवली. तीस माणसांसमोर. म्हटलं, "आता काय बघायचं पोरी? ऐकलंस ना." तिनं हात तसाच थोडा वेळ धरला, मग मागं घेतला. तो पुढं केलेला रिकामा हात मला भाकरी मोडताना दिसतो.

का केलं? मागल्या पत्रात तुला लांबलचक ज्ञान शिकवलं, ते सगळं खोटं नव्हतं. भीती खरी होती. तू गेलास आणि ही मतं मागत हिंडत असली तर लोक तिला फाडून खातील, असं वाटलं. पण खोल खणलं तर तळाला निघतं ते लहान आहे. वाल्मीकच्या ओसरीवर गादी मला मिळते. चहाचा पहिला कप माझ्यापुढं येतो. "तात्या म्हणतील ते" असं चार माणसं म्हणतात. मी नारळ घेऊन बसलो होतो. चौथ्यांदा बिनविरोध नाही झाला तर ती गादी जाईल, एवढंच. मातीच्या पाट्या टाकून ओढा अडवावा तसं मी लढाई आडवी टाकून तिला अडवलं. लढाई नसती तर मला कारण शोधावं लागलं असतं. आणि तू लांब, विचारायला जाणार कोण? दूरच्या माणसाचा शब्द जवळच्याच्या हातात असतो, हे मला कळत होतं.

तुला माहीत आहे, मी शाळेची पायरी चढलो नाही. फुलबाजारात जुड्या बांधायला रद्दी यायची, तिच्यावरची अक्षरं लावत तिशीनंतर वाचायला शिकलो. पहिलं पत्र फुलाबाईच्या भावाचं वाचलं. त्यात तिचा बाप वारल्याचं होतं. चार बाया म्हणाल्या, "आता सांगू नका, सणाचं आहे." मी तरी वाचलं, जसं होतं तसं. तेव्हापासून मळ्यातला प्रत्येक कागद माझ्या हाती येतो. तुलाही मीच अक्षरं गिरवायला लावली होती, रद्दीवरच. आणि कुंपणानंच शेत खाल्लं.

आणखी एक, तेही सांगून टाकतो. तुझं पत्र आल्यावर मी कोरा कागद घेऊन बसलो. तुझी ओळ उतरवायला नव्हे, बनवायला. एकदा खोटं वाचलं, आता खोटं लिहायचं, त्यात काय अवघड? "अर्ज" एवढा शब्द लिहिला. मग तुझं ते पुन्हा वाचलं, की तुझा तुझ्यावर भरवसा उरला नाही. मरणाच्या तोंडात उभा असलेला पोरगा माझ्या एका ओळीपायी स्वतःच्या डोक्यावर शंका घेतोय. हात थांबला. थांबला याचंही श्रेय मला घेता येत नाही, फार उशिरा थांबला.

दि. १६ जुलै

हे पत्र परवाच टाकणार होतो. मग वाटलं, आधी तुला सांगायचं आणि जी समोर राहते तिला नंतर, हीसुद्धा तीच खोड. म्हणून थांबलो, आणि आज सकाळी मळ्यात गेलो.

सुवर्णा झेंडूच्या वाफ्याला पाणी धरत होती. मी टोपी काढली आणि पत्र तिच्या हातात दिलं. तिनं उभ्यानं वाचलं. दोनदा वाचलं. छत्रीच्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ उभी राहिली. पाणी वाफ्यातून बाहेर जाऊ लागलं तरी ते पुढच्या वाफ्यात वळवायला बारं मोडलं नाही. मी म्हटलं, "पोरी, शिव्या दे. जोड्यानं मार."

ती म्हणाली, "महिनाभर मी त्यांच्यावर रुसले, तात्या. तिथं गोळे पडत होते अन् मी इथं रुसून बसले व्हते. ते काय झालं असतं तर?"

मग तिनं फावडं उचललं, बारं मोडलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुम्ही सगळ्यांसमोर वाचलं व्हतं ना? मग सगळ्यांसमोरच परत वाचा. पंधरा ऑगस्टला ग्रामसभा हाय."

मी हो म्हटलंय. पण योगेश, खरं सांगतो, सत्तरीला आलेला माणूस मी, आणि गावच्या तोंडाला घाबरतो. तू नको म्हणशील तर... नाही, हे वाक्य मी पुरं करत नाही. पुन्हा तुझ्या शब्दाआड लपणं झालं.

तुझा कसला म्हणू,
केरू

---

बेस हॉस्पिटल
दि. २ ऑगस्ट १९९९

तात्यांस नमस्कार.

लढाई संपली हे तुम्हाला टीव्हीवर कळलं असेल. मला इथं आणलंय. हातपाय धड आहेत, आईला सांगा. उजव्या कानाचा पडदा गेला, डाव्याचं बघतायत. आता मला कुणी काही सांगायचं तर लिहूनच सांगावं लागतं. नर्स पाटीवर लिहून विचारते, दुखतं का? मी वाचतो आणि सांगतो. हे लिहितो एवढ्यासाठी, की लिहिलेलं माझ्यासाठी आता काय आहे ते तुमच्या ध्यानात यावं.

तुमचं पत्र वाचून फेकलं. मग उचललं. राग आहे, आणि राहील. इथल्या पोरांना विचारलं, लढाईत गावच्या निवडणुका होऊ द्याव्यात का? अर्धे म्हणाले, छे, लोकांचं लक्ष उडतं. अर्धे म्हणाले, नाही झाल्या तर परत गेल्यावर कळतं की आपल्या नावानं भलतंच कुणी निवडून बसलंय. त्यातल्या कोण्या एकाला बरोबर म्हणायला माझ्यात ताकद नाही. पण आमच्या नावानं खोटं बोलायला लढाईइतकी सोपी जागा नाही, हे मला कळलं. आम्ही उलटून बोलायला तिथं नसतो.

मात्र एक मीही कबूल करतो, म्हणजे सगळं तुमच्याच माथी नको. सुवर्णानं माघार घेतली असं तुमच्या २० जूनच्या पत्रात वाचलं, तेव्हा घटकाभर मला बरं वाटलं. ती घरात आहे, दारोदार फिरत नाही, बोलणी खात नाही, म्हणून निवांत वाटलं. "उभी राहा" लिहिणारा मीच, आणि बसली म्हणून सुटका वाटलेलाही मीच. हे तिलाही लिहिलंय. तुमची ओळ खोटी होती, पण माझ्या मनात तिला कोपऱ्यात जागा होती.

ग्रामसभेत वाचा. मला विचारू नका.

योगेश

---

जांभूळमळा
दि. १७ ऑगस्ट १९९९

चि. योगेश यास आशीर्वाद.

तुझ्या कानाचं ऐकून वहिनींनी दोन दिवस चूल पेटवली नाही, सुवर्णानंच पेटवली. काकूचा दमा पावसानं वर काढलाय, पण काढा चालू आहे. निकिता पाटीवर तुझ्यासाठी कोंबडी काढून ठेवते, म्हणते, पप्पा आले की अशी दाखवीन, म्हणजे ऐकू येईल. झेंडू गुडघ्याला लागलाय. ओढा भरून वाहतोय.

परवा ग्रामसभा झाली. झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटून झाल्या, ग्रामसेवकानं मागचं इतिवृत्त वाचलं. मी उभा राहिलो. वाल्मीक म्हणाला, "तात्या, बोला. एकोप्यावर दोन शब्द बोला." मी म्हटलं, "मला पत्र वाचायचंय." लोक खूश झाले, जवानाचं नवं पत्र! मी म्हटलं, "नवं नाही. जुनंच. मी चुकीचं वाचलं होतं, मुद्दाम."

वाल्मीक हळूच म्हणाला, "बसा तात्या, ऊन लागलंय तुम्हाला. अन् हा विषय विषयपत्रिकेवर नाय." सुवर्णा बायांमधून उठली आणि माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. पत्र तिच्याकडं होतं. मला वाटलं, आता ही वाचील. तिनं ते माझ्या हातात दिलं आणि मी वाचेन त्या प्रत्येक ओळीखाली बोट धरून उभी राहिली. मी वाचत गेलो, बोट सरकत गेलं. खोबरेल, कोंबड्या, झेंडू. कुणी हसलं नाही. "माघार घेऊ नको" आलं तिथं मी अडखळलो. बोट थांबलं. मी पुन्हा वाचेपर्यंत हललं नाही. शेवटी तुझ्या सहीपाशी आलो. ती सभेकडं बघून म्हणाली, "आता बरोबर वाचलं." आणि जाऊन बसली.

मग उठला कालवा. एक म्हणाला, "फौजीच्या नावावर खोटं? लाज नाय वाटली?" मी म्हटलं, "आता वाटते." दुसरा म्हणाला, "गावाची इज्जत घालवली म्हाताऱ्यानं." पेढे खाल्लेल्यांपैकीच होता. वाल्मीकनं हात झटकले, "मला काय ठाऊक, तात्यांनी वाचलं, आम्ही ऐकलं." तेही खरंच. तेवढ्यात नवसाबाई, जी जन्मात सभेत बोलली नव्हती, बसल्या जागेवरून म्हणाली, "अन् मला तरी कुणी विचारलं व्हतं? सही कर म्हणाले, केली. मला काय त्या पंचायतीत करमतं का?" वाल्मीकचं तोंड बघण्यासारखं झालं. मला हसू आलं असतं, पण माझा तो हक्क गेला होता.

ग्रामसेवकाला विचारलं, आता काय? तो म्हणाला, माघार सहीनिशी झाली ती खरी, खोटं काय वाचलं ते कचेरीला ठाऊक नाही. पाच वर्षं नवसाबाईच. सुवर्णानं फक्त फरशीचा ठराव लिहून घ्यायला लावला. नवसाबाईनं त्यावर सगळ्यात आधी सही केली. फरशी होईल तेव्हा खरं. पाच वर्षं कमी नसतात. फुलाबाईच्या त्याच सुनेला पुन्हा दिवस गेलेत.

पुढच्या महिन्यात दिल्लीचं आणि मुंबईचं मतदान एकदमच आहे. तुझ्या मताचा कागद टपालानं येतो म्हणतात. कुणावर शिक्का मारायचा ते मी विचारणार नाही, सुचवणार नाही. वाल्मीकच्या ओसरीवर मी जात नाही. कुणी येऊ नका म्हटलं नाही, पण गादीवर बसायला जमत नाही.

काल मी अंगणात बसलो होतो. फुलाबाई सातपूरच्या लेकाचं पत्र हातात घेऊन आली. पस्तीस वर्षं ती माझ्याच दारी येते. मी चष्मा पुसून घातला. ती माझ्याजवळून गेली, वहिनींच्या ओट्यावर चढली आणि म्हणाली, "सुवर्णा, मोकळी हायेस का गं? एवढं वाचून दे." तिनं मला टाळलं असंही नाही. जाताना विचारलं, "तात्या, बरं हाय ना?" मी म्हटलं, बरं हाय. चष्मा काढून खिशात ठेवला.

वाईट वाटलं, पण रास्त झालं. सुवर्णा वाचताना फुलाबाईला कागद दाखवते, बोट ठेवून, हे बघा इथं असं लिहिलंय. फुलाबाईला अक्षर ओळखीचं नाही, तरी बघते. मी पस्तीस वर्षांत कुणाला कागद दाखवला नव्हता.

म्हणून विनंती एवढीच, तुझं पुढचं पत्र माझ्या नावानं धाडू नकोस. सुवर्णाच्या नावानं धाड. ती ओट्यावर वाचेल, मी खाली पायरीवर बसून ऐकेन, जशी ती ओसरीच्या पायरीवर बसायची. त्यात माझ्यासाठी एखादी ओळ असली तर असो, नसली तरी चालेल. पण लवकर लिही.

तुझा
केरूतात्या